कीर्दीकडून खतावणीकडे : सॉफ्टवेअर इंजिनिअरचे डेटा इंजिनिअर होणे

डेटा इंजिनिअरचे काम समजून घ्यायला पेढीवरच्या दोन वह्या आठवाव्यात. दिवसभरात जो व्यवहार ज्या क्रमाने झाला, तो त्याच क्रमाने रोजकीर्दीत उतरे. नंतर कीर्दीवरून तोच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत चढे. आज रोकड किती आली नि गेली, हे कीर्द सांगे. अमुक एका कुळाकडे तीन वर्षांत किती येणे झाले, हे विचारायचे तर खतावणी उघडावी लागे. दोन्ही वह्यांत व्यवहार तेच असत, मांडणी मात्र वेगळी, कारण दोघींना विचारले जाणारे प्रश्न वेगळे होते.

सॉफ्टवेअर इंजिनिअर बहुतेक वेळा कीर्द लिहिणारी यंत्रणा बांधतो. तिकिटाचे आरक्षण, बँकेचे ॲप, दवाखान्यातली नोंदणी ही सारी कीर्दीची कामे. एका वेळी एक व्यवहार, तो झटकन आणि चोख नोंदला गेला पाहिजे. डेटा इंजिनिअर अशा अनेक कीर्दींमधला मजकूर रोज, तासातासाला किंवा क्षणाक्षणाला उचलतो, साफ करतो, एकमेकांशी जुळवतो आणि खतावणीत मांडतो. या खतावणीला डेटा वेअरहाऊस म्हणतात आणि कीर्दीपासून तिथपर्यंतच्या वाटेला पाइपलाइन. पुढे त्यावर अहवाल बनतात, अंदाज बांधले जातात, मशीन लर्निंगची मॉडेल्स शिकवली जातात. हे करणारी मंडळी वेगळी असतात, पण त्यांच्या हाती येणारा आकडा खरा की खोटा, हे डेटा इंजिनिअरच्या कामावर ठरते.

हा व्यवसाय मुळात इकडून तिकडे आलेल्या लोकांनीच उभा केला. त्याचा पाया जुना आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याची रिलेशनल पद्धत सुचवली. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तिचे पहिले नाव सीक्वेल होते, तीच आजची एसक्यूएल. वेअरहाऊसची कल्पना बिल इनमन यांच्या १९९२ च्या आणि राल्फ किंबॉल यांच्या १९९६ च्या पुस्तकांनी ठिकठिकाणच्या कंपन्यांत पोचवली. त्या काळी हे काम ईटीएल (माहिती उचलणे, बदलणे, भरणे) डेव्हलपर नावाचा माणूस तयार साधनांच्या खिडक्यांत बाण जोडून करी. प्रोग्रामिंगशी त्याचा संबंध बेताचाच असे.

चित्र पालटले ते माहिती एका यंत्रात मावेनाशी झाली तेव्हा. गूगलने २००३ मध्ये आपल्या फाइल सिस्टिमवर आणि २००४ मध्ये मॅपरिड्यूसवर शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारे डग कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी अनेक यंत्रांवर मिळून माहिती साठवणारे नि हाताळणारे हडूप रचले. ते २००६ मध्ये स्वतंत्र प्रकल्प झाले आणि कटिंग यांच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचे नाव त्याला मिळाले. बर्कले विद्यापीठात मातेई झहारिया यांनी २००९ मध्ये स्पार्क सुरू केले. लिंक्डइनमध्ये नोंदींचा सततचा प्रवाह वाहून नेणारे काफ्का तयार झाले आणि २०११ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ते घडवणाऱ्या तिघांपैकी नेहा नारखेडे पुण्याच्या, इथेच अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत गेलेल्या. २०१४ मध्ये एअरबीएनबीमध्ये मॅक्सिम बोशमिन यांनी एअरफ्लो लिहिले. पाइपलाइनमधले कोणते काम कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर चालायचे, याचे वेळापत्रक ते सांभाळते. याच बोशमिन यांनी २०१७ मध्ये या नव्या पेशावर एक लेख लिहिला. त्यात ते सांगतात, की २०११ मध्ये ते फेसबुकमध्ये बिझनेस इंटेलिजन्स इंजिनिअर म्हणून लागले आणि २०१३ मध्ये डेटा इंजिनिअर होऊन बाहेर पडले. मधल्या काळात त्यांना बढती मिळाली नव्हती की बदली झाली नव्हती. काम बदलत गेले आणि नाव मागून आले.

म्हणूनच सॉफ्टवेअर इंजिनिअर या वाटेला लागतो तेव्हा त्याची शिदोरी मोठी असते. गिट, कोड रिव्ह्यू, चाचण्या, लिनक्स, क्लाउड, लॉग वाचून दोष हुडकण्याची सवय, हे सगळे जसेच्या तसे उपयोगी पडते. एअरफ्लोतली कामे पायथनमध्ये लिहितात, स्पार्क स्कालात लिहिलेले आहे, काफ्का जावा आणि स्कालात. त्यामुळे जावावर हात बसलेल्याला या साधनांच्या पोटात डोकावता येते. शिवाय ज्या यंत्रणेतून माहिती उचलायची, तशी यंत्रणा त्याने स्वतः बांधलेली असते. अमुक रकाना रिकामा का राहतो, एकच नोंद दोनदा का पडते, याचा अंदाज त्याला बाकीच्यांच्या आधी येतो. कमी असते ती वेगळीच गोष्ट, आणि ती एखाद्या उदाहरणाशी जवळून बसल्याशिवाय नीट दिसत नाही.

समजा, एका दूध संघाची गावोगाव संकलन केंद्रे आहेत. उत्पादक सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालतो. यंत्र लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ) मोजते, नोंद होते, हातात पावती पडते. हे ॲप लिहिणाऱ्या सॉफ्टवेअर इंजिनिअरचे काम पावती बरोबर निघाली की संपते. संघाला मात्र दर दहा दिवसांचे बिल काढायचे आहे, केंद्रवार संकलन पाहायचे आहे, गेल्या उन्हाळ्याशी या उन्हाळ्याची तुलना करायची आहे. त्यासाठी सगळ्या केंद्रांच्या नोंदी एका वेअरहाऊसमध्ये आणल्या जातात.

सर्व्हरवर वेळ सहसा यूटीसीत नोंदलेली असते आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे यूटीसीचा नवा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. पाइपलाइन लिहिणाऱ्याने वेळेच्या रकान्यातून तारीख सरळ काढून घेतली, तर ११ तारखेला पहाटे पाचला घातलेले दूध यूटीसीप्रमाणे १० तारखेला रात्री साडेअकराचे ठरते. कुठेही एरर येत नाही. चाचण्या हिरव्या दिसतात. दिवसाची बेरीजही जवळपास तेवढीच भरते, कारण आजचे पहाटेचे दूध कालच्या दिवसात गेले, तर उद्याच्या पहाटेचे आजच्या दिवसात आले. चूक उघडी पडते ती बिलाच्या सीमेवर. ११ तारखेपासून दर वाढला असेल, तर पहाटे साडेपाचच्या आत डेअरीत पोचलेल्यांना त्या दुधाचा जुना दर मिळतो आणि सहा वाजता आलेल्यांना नवा. सर्वांत लवकर उठून आलेल्याचेच पैसे कापले जातात, आणि कोड मात्र सुरळीत चाललेला असतो.

सॉफ्टवेअर इंजिनिअरला नव्याने अंगी बाणवायची गोष्ट हीच. त्याच्या जुन्या कामात चूक बहुधा आवाज करते: पान उघडत नाही, विनंती फसते, ग्राहक फोन करतो. डेटाच्या कामातली घातक चूक मुकी असते. प्रोग्राम बिनतक्रार संपतो आणि आकडा चुकीचा निघतो, तोही पटण्याजोगा. त्यामुळे कोडच्या चाचण्या पुरत नाहीत, खुद्द माहितीची चाचणी रोज घ्यावी लागते. काल इतक्या केंद्रांवरून नोंदी आल्या, आज तितक्या आल्या का? फॅट शून्य किंवा वीस असलेली नोंद आहे का? मूळ यंत्रणेतली लिटरची बेरीज आणि वेअरहाऊसमधली बेरीज जुळते का? हिशेबनीस ताळा करून पाहतो, तसाच हा ताळा, आणि तो पाइपलाइनमध्येच लिहून ठेवायचा असतो.

याच दूध संघात पुढच्या अडचणीही आहेत. एका केंद्राचे इंटरनेट दोन दिवस बंद पडले आणि सगळ्या नोंदी तिसऱ्या दिवशी एकदम आल्या. दूध कोणत्या दिवसाचे धरायचे? घातले त्या दिवसाचे की नोंद पोचली त्या दिवसाचे? बिलाला पहिली वेळ लागते. पण ‘सोमवारचा अहवाल बुधवारी का बदलला’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला दुसरीही लागते. म्हणून दोन्ही जपायच्या. उशिरा आलेल्या नोंदींसाठी जुन्या दिवसांचे काम पुन्हा चालवावे लागते, त्याला बॅकफिल म्हणतात. पुन्हा चालवताना कामाने जुन्या नोंदींखाली नव्या जोडल्या, तर दूध दुप्पट होते. म्हणून त्या दिवसाचा भाग पूर्ण पुसून नव्याने लिहायचा, किंवा प्रत्येक नोंदीच्या ओळख क्रमांकावरून आहे ती दुरुस्त करायची नि नाही ती भरायची. काम एकदा चालवा की दहादा, निकाल एकच आला पाहिजे. पैसे भरताना बटण दोनदा दाबले गेले तरी रक्कम एकदाच कापली जावी, याची काळजी सॉफ्टवेअर इंजिनिअरने आधीच घेतलेली असते. इथे तीच युक्ती एका व्यवहाराऐवजी अख्ख्या दिवसाला लावायची असते.

इतिहास जपणे हा आणखी एक धडा. उत्पादकाने केंद्र बदलले की ॲपच्या तक्त्यात जुन्या केंद्राच्या जागी नवे लिहिले जाते, ॲपला तेवढे पुरते. पण गेल्या वर्षीचे केंद्रवार संकलन काढताना त्या उत्पादकाचे जुने दूध नव्या केंद्राच्या नावावर दिसू लागते. किंबॉल यांनी यावर सुचवलेला उपाय आजही सर्रास वापरतात: जुनी ओळ तशीच ठेवायची, ती कधीपासून कधीपर्यंत लागू होती हे लिहायचे आणि बदलासाठी नवी ओळ घालायची. खतावणीत खाडाखोड करत नाहीत, फिरवून नोंद घालतात, त्याच शिस्तीचे हे रूप आहे.

सरासरीतही लोक फसतात. एका केंद्रावर १,००० लिटर गाईचे दूध ३.५ फॅटने आले आणि दुसऱ्यावर १०० लिटर म्हशीचे ६.५ ने. दोन सरासऱ्यांची सरासरी ५.० येते. लिटरचा भार धरला तर खरी फॅट सुमारे ३.७७ आहे. हे गणित शाळेतलेच, पण केंद्रवार तक्ता आधी बनवून ठेवलेला असला की त्याच्यावरच पुन्हा सरासरी काढण्याचा मोह अनुभवी माणसालाही होतो.

एसक्यूएल तर सॉफ्टवेअर इंजिनिअरला येतच असते, अशी समजूत असते. वस्तुतः त्याला तिचा ओटाच माहीत असतो, माजघर नाही. बॅकएंडच्या कामात ओआरएम नावाचा थर एसक्यूएल स्वतःच लिहितो आणि माणसाला एकेक नोंद घेऊन तिच्यावर लूप चालवायची सवय लागते. कोट्यवधी नोंदींवर असा लूप तासन्‌तास चालतो. इथे नोंदींच्या समूहाचा विचार करावा लागतो: काय हवे ते सांगायचे, कसे काढायचे ते इंजिनवर सोडायचे. ग्रुप बाय आणि जॉइन यांच्या पलीकडे विंडो फंक्शनवर हुकमत हवी. २००३ च्या एसक्यूएल प्रमाणकात ही फंक्शन्स आली. प्रत्येक उत्पादकाची शेवटची नोंद काढणे, चालती बेरीज करणे, दुबार नोंदींतली एकच ठेवणे, अशी रोजची कामे त्यांनीच होतात. जॉइनमध्ये एक सापळा नेहमीचा आहे. उत्पादकांच्या तक्त्यात एका सभासदाची जुने आणि नवे बँक खाते मिळून दोन ओळी असतील, तर जोडणी केल्याबरोबर त्याचे दूध कागदावर दुप्पट होते. आणि नल, म्हणजे ‘माहीत नाही’, याला शून्य समजू नये. फॅट मोजायचे राहून गेलेली नोंद सरासरीत धरली जात नाही. तिच्या जागी कोणी शून्य भरून ठेवले तर मात्र ती धरली जाते आणि सरासरी खाली ओढते.

साठवणीची पद्धतही कीर्द-खतावणीच्या भेदातूनच आली आहे. व्यवहाराचा डेटाबेस एका नोंदीचे सगळे रकाने शेजारी शेजारी ठेवतो, कारण त्याला अख्खी पावती एकदम हवी असते. वेअरहाऊस एका रकान्याच्या सगळ्या किमती शेजारी ठेवते. तक्त्यात साठ रकाने असले आणि अहवालाला तीनच हवे असले, तर बाकीचे सत्तावन्न डिस्कवरून उचलावेच लागत नाहीत. सारख्या किमती एकत्र आल्याने त्या दाबून थोड्या जागेतही बसतात. ट्विटर आणि क्लाउडेरा यांनी २०१३ मध्ये आणलेला पार्के हा फाइलप्रकार याच तत्त्वावर चालतो. याचा संबंध थेट पैशांशी आहे. गूगलच्या बिगक्वेरीसारख्या सेवेत मागणीनुसारच्या दरात किती माहिती वाचली त्यावर आकारणी होते. गरज नसताना सगळे रकाने मागवले किंवा तारखेची अट विसरली, की बिल फुगते. आपल्या एका ओळीची किंमत रुपयांत मोजायची सवय बहुतेक प्रोग्रामरना नसते, इथे ती लवकर लावून घ्यावी लागते.

स्पार्क, काफ्का, एअरफ्लो ही नावे नोकरीच्या जाहिरातींत ठळक असतात, म्हणून शिकणारे तिथूनच सुरुवात करतात. हा क्रम उलटा आहे. काही जीबी माहिती साध्या पोस्टग्रेसमध्ये किंवा लॅपटॉपवरच्या डकडीबीमध्ये आरामात हाताळता येते, तिच्यासाठी यंत्रांचा ताफा उभा करणे व्यर्थ आहे. आधी एसक्यूएल आणि तक्त्यांची मांडणी पक्की व्हावी, मग वेळापत्रक सांभाळणारे एक साधन, आणि माहिती खरेच मोठी झाली की स्पार्क. स्पार्क शिकतानाही आज्ञा पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट समजणे मोलाचे आहे: जोडणी किंवा बेरीज करताना नोंदी एका यंत्रातून दुसऱ्यात हलवाव्या लागतात. या हलवाहलवीला शफल म्हणतात आणि वेळ बहुतेक तिथेच जातो. एका केंद्राच्या नोंदी बाकीच्यांच्या शंभरपट असतील, तर ते केंद्र ज्या यंत्राच्या वाट्याला येते ते एकटे राबत राहते आणि उरलेली मोकळी बसतात. हे ज्याला कळले, त्याला नवे साधन आले तरी जड जात नाही.

प्रत्यक्ष बदल घडवण्याचा सर्वांत कमी जोखमीचा मार्ग आपल्याच कंपनीत असतो. ज्या यंत्रणेवर माणूस काम करतो, तिची माहिती कुठेतरी अहवालासाठी जातच असते. ती उचलण्याचे काम मागून घेणे, रोज हाताने बनणारा एखादा एक्सेलचा तक्ता पाइपलाइनने बनवून देणे, आपल्या सर्व्हिसमधला रकाना बदलल्यावर पुढच्या टीमचे काय मोडते हे समजून घेणे, इथून सुरुवात होते. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच कंपन्यांत नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड असतो आणि नव्या भूमिकेत अनुभवाची वर्षे पूर्ण धरली जातीलच असे नाही. अशा वेळी आतली बदली पगार आणि पत दोन्ही राखते. ती शक्य नसेल तर स्वतःचा एक प्रकल्प हवा. प्रमाणपत्रांची रांग लावण्यापेक्षा सरकारी खुल्या माहितीवर, बाजारभावांवर किंवा पावसाच्या नोंदींवर सहा महिने रोज चालणारी एकच पाइपलाइन केव्हाही अधिक बोलकी. सहा महिने अशासाठी, की पहिल्या आठवड्यात सगळ्याच पाइपलाइन चालतात. मूळ फाइलचा नमुना बदलतो, एखाद्या दिवशी फाइलच येत नाही, तालुक्याचे नाव दोन प्रकारे लिहून येते, आणि त्यातून जे सुचते तेच मुलाखतीत सांगण्याजोगे असते.

पदांची नावे फसवी आहेत. डेटा इंजिनिअर या एकाच नावाखाली एका कंपनीत स्पार्कचे ताफे सांभाळायचे असतात, दुसरीत दिवसभर एसक्यूएल लिहायची असते (याला काही ठिकाणी ॲनालिटिक्स इंजिनिअर म्हणतात), आणि तिसरीत वीस वर्षांपूर्वीच्या ईटीएल साधनावर रात्रपाळीत फसलेली कामे पुन्हा सुरू करायची असतात. तिसऱ्या प्रकारच्या जागेत सॉफ्टवेअर इंजिनिअरचे आधीचे कौशल्यही गंजते. त्यामुळे मुलाखतीत उमेदवारानेच विचारायला हवे: पाइपलाइनचा कोड गिटमध्ये आहे का, तो रिव्ह्यू होतो का, आकडा चुकला तर कसे कळते, रात्री फोन कोणाला जातो? पहिल्या प्रकारच्या, म्हणजे प्लॅटफॉर्मकडे झुकलेल्या जागा बॅकएंडच्या माणसाला सर्वांत जवळच्या, तिथे त्याचा अनुभव जवळजवळ पूर्ण धरला जातो.

मुलाखतीत एसक्यूएलची फेरी असतेच, आणि मुरलेले प्रोग्रामर याच फेरीत जास्त गळतात. पायथनची फेरी त्यांना सोपी जाते. तिसरी फेरी मांडणीची असते: रिक्षा बोलावण्याच्या ॲपचे किंवा दुकानाचे तक्ते आखायला सांगतात. तिथे पहिला प्रश्न ‘एका ओळीचा अर्थ काय’ हा हवा. एक ओळ म्हणजे एक फेरी, एक बिल की बिलातली एक वस्तू, हे न ठरवता आखलेला तक्ता पुढे कुठल्याही बेरजेला पुरत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर नाव, फोन, खाते क्रमांक यांसारखे रकाने कोणाला दिसावेत आणि कधी पुसावेत, याचाही विचार आराखड्यात असावा लागतो.

नव्या जागेवरचे पहिले महिने काहींना उदास करतात. पूर्वी बनवलेले पान बोट ठेवून दाखवता येई. आता काम नीट झाले तर कोणाला काही दिसतच नाही, अहवाल नेहमीसारखा सकाळी नऊला येतो एवढेच. दुसरे म्हणजे उत्तरे कोडमध्ये सापडत नाहीत. दूध संघाच्या तक्त्यात ‘प्रकार’ नावाचा रकाना आहे आणि त्यात १, २ आणि ४ अशा किमती आहेत. ॲपच्या कोडमध्ये १ म्हणजे गाय आणि २ म्हणजे म्हैस इतके कळते. ४ चा उलगडा होतो तो केंद्रावर जाऊन पहाटे काट्याशी उभे राहिल्यावर: गाई-म्हशीचे एकत्र आलेले दूध नोंदवायला केंद्रचालकाने कधीतरी ४ आकडा वापरायला सुरुवात केली, आणि शेजारच्या केंद्रांनी तो उचलला. हे त्या रकान्याच्या वर्णनात लिहून ठेवायचे, ताळ्यात ४ साठी फॅटची वेगळी मर्यादा घालायची, आणि जिथे ३ आढळेल तिथे पुन्हा जाऊन विचारायचे.